आज रीड बरी आहे ना?

आमच्या घरी हवामानाचा अंदाज छत्रीसाठी ऐकत नाहीत. पश्चिम आयर्लंडमध्ये छत्रीचा उपयोगच नसतो, पाऊस इथे आडवा येतो. अंदाज ऐकायचा तो रीडसाठी, म्हणजे वाद्यातल्या आवाज काढणाऱ्या पातीसाठी. माझा नवरा इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, वाजवतो. मी सोमवार ते शुक्रवार एका ऑफिसात हिशेब तपासते आणि शनिवार, रविवार, शिवाय साठवलेली सगळी रजा त्याच्या बँडची गाडी हाकण्यात आणि सीडी विकण्यात घालवते. पगार शून्य. पद मात्र आहे: टूर मॅनेजर.

वाद्य आधी समजून घ्या, पुढचे सगळे हाल त्यातूनच निघतात. स्कॉटिश बॅगपाइप तोंडानं फुंकतात, उभ्यानं, वाटल्यास रस्त्यानं चालत. इलन पाइप्स बसूनच वाजवायचे आणि फुंकायचं काहीच नाही. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी, मांडीवर आडवे तीन ड्रोन (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) आणि तीन रेग्युलेटर (साथीचे सूर देणाऱ्या नळ्या), दोन्ही हातांची बोटं चँटरच्या, म्हणजे चाल वाजवायच्या नळीच्या, भोकांवर, आणि रेग्युलेटरच्या चाव्या दाबायच्या मनगटाच्या कडेनं. कमरेला पट्टा, दंडाला पट्टा, गुडघ्यावर चामड्याचा तुकडा. माणूस एकदा त्यात बांधला गेला की नाकावर माशी बसली तरी बायकोला हाक. पायपर तयार व्हायला एकवीस वर्षं लागतात असं इथे म्हणतात: सात शिकायला, सात रियाजाला, सात वाजवायला. २०१७ साली युनेस्कोनं या वादनाला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. आनंदच आहे. पण सामान उचलायला त्यांच्याकडून अजून कुणी आलेलं नाही.

आणि या सगळ्या संसाराच्या पोटात बसलेली ती चँटरची रीड. पोकळ बोरूच्या काडीच्या दोन पातळ पात्या दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, कमरेला तांब्याची पट्टी. पट्टी केसभर वर सरकवली की आवाज एक, केसभर खाली आणली की दुसरा. पश्चिमेकडच्या क्लेअर परगण्याच्या दमट हवेत घडलेली ही बाई दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी असते; कशानं रुसेल सांगता येत नाही. हॉटेलातला हीटर तिला चालत नाही. म्हणून आमच्या खोलीत रेडिएटरवर ओले टॉवेल वाळत असतात आणि पहाटे सर्दी मला होते. सूर फारच चढला-उतरला तर नवरा चँटरच्या नळीत लव्हाळ्याची काडी खुपसतो, एखाद्या भोकावर चिकटपट्टीचा कपटा लावतो. हे गमतीनं सांगत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचं शास्त्र आहे. माझ्या पर्समध्ये आधी लिपस्टिक असायची तिथे आता लव्हाळ्याची जुडी आहे.

हे सगळं चालतं ग्रीनरूममध्ये. ग्रीनरूम म्हणजे पबच्या मागची बिअरच्या पिंपांची खोली. तिथे एका पिंपावर फिडलवाला बो ला राळ लावतोय, दुसऱ्यावर बाउरानवाला (बाउरान म्हणजे आयरिश डफ) आपल्या बकरीच्या कातड्यावर पाणी शिंपडतोय, बुझुकीवाली डोळे मिटून तारा पिळतेय. (बुझुकी मूळची ग्रीक. १९६० च्या दशकात इथे आली आणि आता इथलीच म्हणून मिरवते. आपली पेटी तरी कुठे आपली होती!) मधोमध नवरा रीड प्रकाशासमोर धरून बघतोय. तेवढ्यात मालक डोकावतो आणि विचारतो, "सगळं छान ना?" चौघंही एका सुरात म्हणतात, "छान!" त्या संध्याकाळी चौघांचा जुळलेला तो पहिला सूर.

रस्त्याबद्दल काय सांगावं. मोटरवे संपला की राज्य मार्ग, मग गावरस्ता, मग असा रस्ता की ज्याच्या मधोमध गवत उगवलंय. त्या गवतावरून व्हॅन नेताना समोरून ट्रॅक्टर येतो आणि मागे अर्धा मैल कुणीतरी जायचं असतं. ते 'कुणीतरी' कायम मीच. २०१५ साली देशात घरागणिक पिनकोड आले, पण खेड्यातले आयोजक ते सांगत नाहीत. ते सांगतात, "जिथे पूर्वी दूधडेअरी होती तिथून डावीकडे." पूर्वी होती! मी नाशिकहून आलेय, मला पूर्वीची डेअरी कशी दिसणार?

मुक्काम बहुधा आयोजकाच्याच घरी. मुलांची खोली रिकामी करून देतात, हा त्यांचा मोठेपणा. त्यामुळे सहा फुटी पायपर डायनासोरच्या चादरीत पाय दुमडून झोपतो, आणि वरच्या बंकवर मी. जेवण एकतर संध्याकाळी पाचला, भूक नसताना, नाहीतर रात्री एकला, काही उरलेलं नसताना. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर प्रेमानं बटाट्याचं सूप येतं, सोबत तळलेले बटाटे, आणि वेगळं काहीतरी हवं म्हणून कुस्करलेले बटाटे. आई फोनवर विचारते, "भाजी काय केली होती गं?" मी म्हणते, "तीन प्रकारची होती."

विमानाचा दौरा असला की वेगळीच तऱ्हा. पाइप्स पोटाशी धरून न्यायचे, कारण सामानाच्या पट्ट्यावर टाकले तर उतरल्यावर सरपण मिळायचं. क्ष-किरणाच्या पडद्यावर मात्र चामड्याची पिशवी, पितळेच्या नळ्या आणि पट्टे-बक्कलं असं काही दिसतं, की यंत्रामागचा माणूस सावरून बसतो.

"हे काय आहे?"

"वाद्य आहे."

"मग वाजवून दाखवा."

"खुर्ची लागेल," नवरा म्हणाला. उभ्यानं जमत नाही, त्याचा काय दोष? त्या साहेबांनी खरोखरच खुर्ची आणवली. मग पट्टे बांधणं, मग पिशवीत हवा भरणं, मग ड्रोन लावणं. मागची रांग वाढत होती. पाच-सात मिनिटांनी पहिला स्वर निघाला तेव्हा साहेबांनी घाईघाईनं हात वर करून सांगितलं, "पुरे, पुरे, जा." त्या दौऱ्यातली रसिकांची सर्वांत थेट दाद तीच.

नाहीतर दाद द्यावी ती जर्मनांनी. तिथे आयरिश संगीताचं वेड आहे. माणसं तिकीट काढून येतात, हाताची घडी घालून बसतात, खोकलासुद्धा दोन गतींच्या मध्ये. मला हा श्रोता फार आवडतो. नवऱ्याला तो घाबरवतो. त्याला हवा असतो तो क्लेअरच्या पबमधला श्रोता, जो पाठ फिरवून गाईगुरांचे भाव बोलत असतो आणि रील, म्हणजे नाचाची जलद चाल, चुकली तर मात्र न वळता म्हणतो, "दुसरा भाग घाईत गेला."

पैशांचं माझ्याकडेच असतं, म्हणून सांगते. या देशाच्या नाण्यावर हार्प हे तंतुवाद्य आहे, पासपोर्टवर हार्प आहे, आणि वादकाला घरकर्ज मागितलं की बँकेतला माणूस आभाळाकडे बघतो. दारावरच्या गल्ल्यातून डिझेल वजा जाता उरतात ते पैसे पाच जणांत वाटायचे. पाचवी व्हॅन, माणूस नव्हे. सीडी घेणारे प्रेमानं घेतात आणि मग विचारतात, "ही लावतात कशावर?" सतरा मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या सणाच्या सुमाराला सगळ्या जगाला आयरिश वादक हवा असतो, अठराला कुणालाच नको. कलावंतांना आयकरात सूट देणारा कायदा इथे १९६९ पासून आहे, पण ती सूट रचणाऱ्याला, वाजवणाऱ्याला नाही. आणि नवरा वाजवतो त्यातल्या बहुतेक चाली कुणी रचल्या ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे सूट ज्याला मिळाली असती तो केव्हाच वारला, कर भरायला हा उरला. २०२२ साली सरकारनं २००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायची योजना आणली. चांगलीच योजना, मनापासून सांगते. फक्त निवड सोडतीनं होती. म्हाडाच्या सोडतीत माझ्या माहेरी आजवर कुणाचं नाव लागलेलं नाही. ते नशीब मी सासरी घेऊन आले असं दिसतं.

दौरा संपवून सोमवारी पहाटे घरी पोचायचं. नवरा सोफ्यावर पडून जाहीर करतो, "आता आठवडाभर पाइप्सना हात लावणार नाही." मी कपडे धुवायला टाकते, ऑफिसला जाते. मंगळवारी संध्याकाळी परत येते तो हा दारात उभा, केस विंचरून, खांद्याला पेटारा.

"कुठे?"

"सेशन आहे ना आज."

म्हणजे गावातल्या पबमध्ये दहा-बारा वादक गोल करून, श्रोत्यांकडे पाठ करून, मध्यरात्रीपर्यंत वाजवणार. फुकट. फार तर मालक एखादा पाइंट देईल, आणि तो पिऊन गाडी चालवता येत नाही, म्हणून मीही निघायचं.

"सीडीचं खोकं घेऊ का?" मी आपली सवयीनं विचारते.

"कुणाला विकणार? तिथे सगळ्यांच्याच गाडीत स्वतःचं खोकं आहे."