एका फोटोत तीन प्रोजेक्टर जुळत नसतात

गणपती जवळ आले की मंडळांच्या ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस सुरू होतो. सध्या फिरणारा एक असा: "देखाव्यासाठी दोन-तीन प्रोजेक्टर जोडायला आता ऑपरेटर नको. समोर मोबाइल लावा, एक फोटो काढा, सॉफ्टवेअर पाच मिनिटांत सगळं एकसंध करून देतं. पडदा कसाही चालतो, प्रोजेक्टर कुठलेही चालतात, आणि एकदा जुळवलं की विसर्जनापर्यंत बघायला नको." पेठांमधल्या बऱ्याच कार्यकर्त्यांनी हा मला पाठवला, काहींनी तर "मग प्रोजेक्टर जुळवायचं तुमचं बिल कशाचं?" असं विचारत.

तंत्र खोटं नाही, हे आधी मान्य करतो. कॅमेऱ्याच्या मदतीने अनेक प्रोजेक्टर जुळवण्यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या अखेरीस महत्त्वाचं काम झालं. त्यात पुण्याच्या आपल्या सीओईपी कॉलेजातून इंजिनिअर झालेले रमेश रासकर होते. रात्रभर माउसने कोपरे ओढत बसण्यापेक्षा कॅमेरा केव्हाही बरा. मीही तोच वापरतो. माझं भांडण फॉरवर्डमधल्या "एक", "कसाही", "कुठलेही" आणि "एकदा" या शब्दांशी आहे.

"एक फोटो काढा"

पडदा अगदी सपाट असेल तर यात थोडं तथ्य आहे. सपाट भिंतीवर प्रोजेक्टरची चौकट बसवायला गणिताला चार बिंदू पुरतात, त्यामुळे प्रत्येक प्रोजेक्टरने ठिपके टाकले की एकेका फोटोत भागतं. पण मांडवातलं कापड सपाट कुठे असतं? तिथे प्रोजेक्टरचा कुठला पिक्सेल कापडावर नेमका कुठे पडतो, हे कॅमेऱ्याला समजावं लागतं. त्यासाठी ग्रे कोडचे, म्हणजे प्रत्येक ओळीला काळ्या-पांढऱ्याची स्वतःची खूण देणारे, पट्टे एकामागून एक टाकतात. प्रोजेक्टरच्या पिक्सेलच्या १९२० उभ्या ओळी ओळखायला ११ पॅटर्न, १०८० आडव्यांना आणखी ११, आणि काळं-पांढरं नीट वेगळं कळावं म्हणून प्रत्येकाचा उलटा. म्हणजे एका प्रोजेक्टरमागे ४४ फोटो, तिघांचे १३२. फोटो आपोआप निघतात, वेळही फार जात नाही. मात्र तेवढ्या वेळात कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

आता यातली खरी गंमत. शेजारच्या मंडळाच्या लुकलुकणाऱ्या सिरीज तुमच्या कापडावर पडत असतील तर पॅटर्नच्या वेळी उजेड आणि उलट्या पॅटर्नच्या वेळी अंधार, असं होतं. सॉफ्टवेअर बिचारं काळ्याला पांढरं समजतं आणि चित्राच्या रेषा मध्येच करवतीसारख्या दातेरी होतात. स्थिर उजेड उलट्या पॅटर्नमुळे निभावतो, लुकलुकणारा नाही. म्हणून हे काम गर्दी ओसरल्यावर, शेजाऱ्यांना विनंती करून माळा बंद ठेवूनच करायचं.

"समोर मोबाइल लावा"

आकार जुळवायला मोबाइल चालतो, पण तो स्वतःची अक्कल चालवतो ती आधी बंद करावी लागते. फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, एचडीआर आणि नाइट मोड बंद ठेवा, वाइड लेन्स वापरू नका. एकच चिप असलेल्या डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणाऱ्या) प्रोजेक्टरमध्ये रंगांची चकती फिरत असते. शटर १/५०० सेकंद ठेवलंत तर पांढऱ्या पडद्यावर लाल-निळे पट्टे येतात. प्रोजेक्टर ६० हर्ट्झवर असेल तर १/६० किंवा १/३० धरा.

उजेड मोजायला मात्र मोबाइलचा तयार फोटो कुचकामी. डोळ्यांना छान दिसावं म्हणून फोन आधीच उजेडात फेरफार करून बसलेला असतो. त्यात लेन्समुळे फोटोचे कोपरे मुळातच काळवंडतात. सॉफ्टवेअर तो दोष पडद्याच्या माथी मारतं आणि कोपरे विनाकारण उजळतं.

"पडदा कसाही चालतो"

चालतो, कॅमेरा जिथे उभा होता तिथून बघणाऱ्याला! खांब, कमानी, घड्या असलेल्या पृष्ठभागावर चित्र एका जागेवरून सरळ दिसतं आणि चार पावलं सरकलं की वाकडं. रांगेतला भाविक एका जागी उभा राहत नाही, त्यामुळे कॅमेरा रांगेच्या मध्यावर लावायचा आणि बाकीच्या जागांसाठी थोडी तडजोड स्वीकारायची. चकचकीत फ्लेक्सवर तर प्रोजेक्ट करूच नका.

"प्रोजेक्टर कुठलेही चालतात"

मंडळांचे सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. एक ५००० ल्युमेनचा आणि दुसरा जुन्या दिव्याचा ३००० चा आणलात, तर एकसारखं दिसण्यासाठी पहिल्याला दुसऱ्याच्या पातळीवर उतरावं लागतं. जास्त उजेडाचं भाडं भरून तो उजेड झाकून ठेवायचा, असा व्यवहार.

शिवाय दोन चित्रं जिथे एकमेकांवर येतात तो पट्टा, म्हणजे ओव्हरलॅप. दोघांनाही तिथे निम्मं निम्मं करायचं, हे कुणालाही सुचेल. पण सिग्नल निम्मा केला म्हणजे उजेड निम्मा होत नाही. सिग्नल वाढला की उजेड किती वाढतो, हे ठरवणारा आकडा म्हणजे गॅमा. तो २.२ असेल तर ५० टक्के सिग्नलला साधारण २२ टक्केच उजेड पडतो. दोघांचे मिळून ४४, आणि चित्राच्या मधोमध काळपट पट्टा! म्हणून गॅमा नीट मोजून दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळावी (ब्लेंड करावी) लागतात. काही डीएलपी प्रोजेक्टरच्या चकतीत रंगांसोबत वेगळा पांढरा भागही असतो, तिथे हे गणित आणखी फसतं. शक्य तिथे ती सेटिंग बंद करा, आणि चित्राचा आकार आपोआप बदलणारं ऑटो कीस्टोन, उजेड आपोआप कमी-जास्त करणारं ऑटो आयरिससुद्धा.

काळ्या रंगाला तर सॉफ्टवेअरकडे पुरतं औषधच नाही. प्रोजेक्टर "काळा" दाखवतानाही थोडा उजेड टाकतोच, आणि ओव्हरलॅपमध्ये तो दुप्पट होतो. टाकलेला उजेड वजा करता येत नाही. उरलेला पडदा तेवढाच उजळायचा, हा एक उपाय. लेन्ससमोर काळी पट्टी धरून कडा मऊ करायची, हा दुसरा. रायगडावरच्या रात्रीचा देखावा असेल तर मावळ्यांच्या आधी हा राखाडी पट्टाच नजरेत भरतो. अशा वेळी मी मंडळाला सरळ सांगतो, प्रसंग संध्याकाळचा करा.

"एकदा जुळवलं की बघायला नको"

हे लिहिणाऱ्याने पाइपांच्या सांगाड्यावर प्रोजेक्टर टांगलेला बघितलेला नसावा. आठ मीटरवरून मारलेला प्रोजेक्टर ०.०५ अंशाने कलला तर चित्र पडद्यावर सात मिलिमीटर सरकतं. एका प्रोजेक्टरचं चित्र सव्वातीन मीटर रुंद असेल तर ते चार पिक्सेल झाले. ओव्हरलॅपमधली अक्षरं दुहेरी दिसायला एवढं पुरतं. आणि पथकाने सांगाड्याला खेटून पंधरा मिनिटं ढोल वाजवला, किंवा उत्साही कार्यकर्त्याने त्याच पाइपला शुभेच्छांचा फ्लेक्स बांधला, की एवढा कल सहज येतो. पावसाने कापड ओलं होऊन लोंबलं तर तेही वेगळंच.

म्हणून कॅमेरा काढून नेऊ नका, समोरच्या इमारतीच्या गॅलरीत परवानगी घेऊन दहाही दिवस पक्का बसवा. प्रोजेक्टर सुरू करून अर्धा-पाऊण तास तापू द्या, कारण गरम होताना चित्र किंचित सरकतं, आणि रोज आरतीआधी अंधार पडला की पॅटर्न पुन्हा चालवा. प्रोजेक्टरचा पाइप मांडवाच्या सांगाड्यापासून वेगळा, जमिनीतून उभा करा. बिलातला मोठा आकडा त्या पाइपाचा आणि रोज संध्याकाळी येणाऱ्या माणसाचा असतो. सॉफ्टवेअर फुकटातसुद्धा मिळतं.