राजवाडे, वुडसन आणि 'शिक्षकच नव्हते'

महोदय,

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत, "राजवाडे शिक्षकच नव्हते. त्यांना वुडसनच्या पंगतीला बसवणं ही सदाशिव पेठी फुशारकी. त्यांच्या जातविषयक मतांवरही तुम्ही मूग गिळलेत." मतभेद असू द्या, पण पेठ कशाला? मी राहतो कुठे हे आपल्याला ठाऊक नाही, आणि माझ्या पत्त्यामुळे राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या २२ खंडांतलं एक पानही कमीजास्त होत नाही.

माझ्या त्या लेखाच्या शीर्षकातला 'जुळे' हा शब्द जरा भडक होता, तेवढं मान्य.

आता "शिक्षकच नव्हते". खडू धरतो तोच शिक्षक, असं आपलं म्हणणं दिसतं. राजवाड्यांनी कागद वाचायला शिकवलं. मोडी पत्रात 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असं येतं. हे अरबी संख्याशब्द सुटे करा: १, ६०, १००, १०००. बेरीज ११६१, म्हणजे मराठी कागदांतल्या शुहूर कालगणनेचं साल. हा सन मृगाला पालटतो, म्हणून इसवी सन काढताना जून ते डिसेंबरच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. नवशिके सरसकट ५९९ मिळवतात आणि पानिपत १४ जानेवारी १७६१ वरून एक वर्ष मागे जातं. त्यातून पुष्कळ पत्रांवर नुसता 'छ' (म्हणजे चंद्र, त्यापुढे तारीख) आणि हिजरी महिना असतो, सालच नसतं. हिजरी महिना दर वर्षी सुमारे ११ दिवसच मागे सरकतो, तेव्हा लागोपाठच्या दोन वर्षांचा निवाडा ऋतूवरून होत नाही. मुक्कामाचं गाव आणि सोबतची माणसं पाहावी लागतात. १८९८ च्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत आणि बखरीपेक्षा समकालीन पत्राला वजन का द्यायचं, हे सांगणारी लांबलचक प्रस्तावना आहे, तीही मराठीत. हे शिकवणं नव्हे? मोडीचे वर्ग घेणं हाच माझा पेशा आहे, तेव्हा शिकवणं कशाला म्हणतात हे कृपया मला सांगू नका.

वुडसन शाळेत शिकवत, हे खरंच. फेब्रुवारी १९२६ मध्ये, लिंकन आणि गुलामगिरीविरोधी कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या जन्मदिवसांचा (१२ आणि १४) मेळ घालून त्यांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास सप्ताह सुरू केला. १९३७ मध्ये खास शिक्षकांसाठी मासिक काढलं. राजवाड्यांनी शाळांसाठी असं काही केलं नाही. पण त्या सप्ताहाआधी वुडसन यांनी १८३० च्या जनगणनेतून गुलामगिरीबाहेरच्या कृष्णवर्णीय कुटुंबप्रमुखांची नावं वेचून १९२५ मध्ये छापली होती. धड्याखाली अस्सल कागद हवा, हा हट्ट दोघांचाही. माझी तुलना तेवढ्यावरच उभी आहे, आणि आपण नेमक्या त्या परिच्छेदाला हातही लावलेला नाही.

दोघांनी विद्यापीठाबाहेर संस्था उभ्या केल्या, राजवाड्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आणि वुडसन यांनी १९१५ मध्ये शिकागोत. दोघांचं कुणाशी फार काळ पटलंही नाही. वुडसन १९२० मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांशी बिनसून बाहेर पडले. राजवाडे आपणच स्थापलेल्या मंडळापासून दुरावून धुळ्याला गेले. (धुळ्यात सदाशिव पेठ नाही.)

जातीविषयीच्या मतांवर स्वतंत्र लेख होईल, तेव्हा जरूर या. इथे तो मुद्दा आपण जाता जाता भिरकावलेला आहे, त्याला मी उत्तर देणार नाही. तोवर पहिल्या खंडाची प्रस्तावना तरी वाचून काढा.