कायम होण्याची घाई करू नये

तालुक्याच्या गावापासून आत, डांबरी रस्ता संपतो तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आपण कंत्राटी प्रयोगशाळा तंत्रज्ञ असाल आणि समायोजनाच्या, म्हणजे कंत्राटी माणसांना कायम पदांवर सामावून घेण्याच्या, यादीत आपले नाव येणार अशी कुणकुण आपल्या कानावर आली असेल, तर आनंदाच्या भरात हलवायाकडे पेढे सांगून ठेवू नका. कायम होणे ही उलट फिरवता येणारी गोष्ट नाही. आज आपल्यापाशी जे आहे ते हातचे गेल्यावरच त्याची किंमत कळेल, म्हणून वेळीच चार गोष्टी ऐकून घ्याव्यात.

घरमालक भाडेकरूशी करतो तसा अकरा महिन्यांचा करार शासनाने आपल्याशी केलेला आहे. फरक एवढाच, की भाडेकरू घर भाड्याने घेतो आणि इथे आपण स्वतःच भाड्याने गेलेले असतो. करार संपून नवा सुरू होण्याच्या मधल्या दिवशी, ज्याला कार्यालयात तांत्रिक खंड म्हणतात, आपण कागदोपत्री कोणाचेही नसता. कायम कर्मचाऱ्याला हे स्वातंत्र्य वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत लाभत नाही. आता नेमक्या त्याच दिवशी एखाद्या टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवर, तापाची साथ येते आणि 'जरा येऊन जाता का?' असा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फोन येतो, हे खरे आहे. आपण जाता, काचपट्ट्या रंगवता, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक क्षेत्र सरकवत हिवतापाचे जंतू शोधता आणि संध्याकाळी अहवालही लिहिता. परंतु त्या अहवालावर तारीख दुसऱ्या दिवसाची पडते, त्यामुळे आपले स्वातंत्र्य अबाधित राहते.

शासनाला लांबचे दिसत नाही, असा आरोप करणाऱ्यांनी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे उदाहरण पाहावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने हा आजार २०४७ पर्यंत संपवायचे ठरवले आहे. आपल्या विदर्भात, विशेषतः आदिवासी पट्ट्यात, त्याचे रुग्ण आणि वाहक पुष्कळ असल्याने शाळाशाळांतून बोटाला सुई टोचून रक्त घेण्याचे, परीक्षानळीतले द्रावण गढूळ झाले का हे पाहण्याचे आणि गढूळ निघालेला नमुना पुढच्या चाचणीला पाठवण्याचे काम आपल्याकडे आले. म्हणजे काम २०४७ पर्यंतचे आणि ते करणारा माणूस पुढच्या अकरा महिन्यांपुरता. यात विसंगती शोधणाऱ्याला प्रशासन कळलेले नाही. नळीतला गढूळपणा तपासणाऱ्याचे भवितव्य स्वच्छ दिसू लागले, तर त्याचे कामावरचे लक्ष उडण्याचा धोका असतो.

घरच्या आघाडीवर तर कंत्राटीपणासारखे कवच नाही. आपल्या भागात मुलगी पाहायला गेले, की चहाची बशी खाली ठेवण्याआधी मुलीचे मामा विचारतात, ''पोरगा पर्मनंट हाय का जी?'' सरकारी दवाखान्यात आहे, एवढ्यावर मामांचे समाधान होत नाही, कारण त्यांच्या गावातही दोन कंत्राटी असतात. ते सुपारी कातरत म्हणतात, ''पाहू मंग, कळवतो.'' निरोप काही येत नाही आणि आपला मंडपाचा, आहेराचा, वरातीचा खर्च वाचतो. कायम झालात, की हेच मामा स्वतः वाट वाकडी करून घरी येतील, आपल्या वावराचा धुरा कुठून कुठे जातो याची चौकशी करतील आणि मुलीचे स्थळ आपण नाकारू नये म्हणून देण्याघेण्याची भाषा स्वतःहून काढतील. इतकी वर्षे अनुभवलेली नकाराची शांती त्या दिवशी संपली म्हणून समजा.

त्यापाठोपाठ जामिनाचा हंगाम येतो. कायम नोकरीचा आदेश हा गावाच्या दृष्टीने आपला खाजगी कागद नसतो. पगारपत्रकाची झेरॉक्स हाती आली, की मोटारसायकल घेणारा चुलतभाऊ, बोअर मारणारे मावसे आणि शाळेत आपल्या मागच्या बाकावर बसल्याचे ज्याला आजच आठवले तो मित्र, असे सर्वजण पतसंस्थेच्या अर्जावर आपली सही मागायला येतील. आज बँकेचा शाखाधिकारी करारपत्र पाहून गृहकर्जाचा अर्ज आपल्याकडे परत सरकवतो, याचे आपल्याला वाईट वाटते. ज्या मुलखात कर्जापायी घरेच्या घरे बसली, तिथे बँकेने स्वतःहून दूर ठेवलेल्या माणसाने खरे तर तिचे आभार मानायला हवेत.

वावर स्वतःच्या नावावर असेल, तर आणखी एक हिशेब मांडून पाहावा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरीचे ६,००० रुपये मिळणाऱ्या घरातला माणूस नियमित शासकीय कर्मचारी झाला, की चतुर्थ श्रेणीचा अपवाद वगळता ही रक्कम बंद होते. पगार कितीही वाढला, तरी दर हप्त्याच्या वेळी टपरीवर ''तुये आले का दोन हजार?'' म्हणून होणाऱ्या चर्चेत आपल्याला भाग घेता येणार नाही, आणि खर्रा घोटत उभ्या असलेल्या त्या मंडळींत आपण एकटेच सरकारचे लाभार्थी नसलेले सरकारी माणूस ठरू.

एवढे सांगूनही कायम होण्याचा मोह सुटत नसेल, तर न्यायालयाचे म्हणणे ऐकावे. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात सांगितले, की नियमित भरतीची प्रक्रिया टाळून नेमलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. मात्र मंजूर पदांवर, न्यायालयाच्या आदेशाचा आधार न घेता ज्यांनी दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काम केले, त्यांच्या बाबतीत शासनाने एकदाच मार्ग काढावा. या निकालाचा पूर्वार्ध सर्व खात्यांना तोंडपाठ आहे. उत्तरार्ध सांगितला, की फाइल शोधावी लागते. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो प्रकरणात याच न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे राबलेल्या सफाई कामगारांना कायम करायला लावले आणि उमादेवी निकालाचा हत्यारासारखा वापर करू नये असेही बजावले, तेव्हा आस्थापना शाखांत किती अस्वस्थता पसरली असेल याची कल्पना कंत्राटी माणसाने सहानुभूतीने करावी.

राज्य शासन मात्र मनाने उदार आहे. नऊ कंपन्यांमार्फत बाह्य यंत्रणेतून माणसे घेण्याचा ६ सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय त्याने ऑक्टोबरातच मागे घेतला. कंत्राटी भरतीचा तो निर्णय स्वतः एक करारही पुरा करू शकला नाही. पुढे १४ मार्च २०२४ रोजी राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षे झालेल्यांना ३० टक्के पदांवर सामावून घेण्याचे ठरले. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९ ऑगस्ट २०२५ पासून कर्मचाऱ्यांना बेमुदत संपावर जावे लागले, तोवर आपल्या कालगणनेने दीड करार उलटला होता. ज्यांनी दहा वर्षे काढली त्यांना आणखी दीड करार जड का जावा, हे मात्र समजत नाही.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला नागपूरला जाल, तेव्हा यशवंत स्टेडियमच्या बाजूने निघणारे मोर्चे जरा नीट पाहून घ्या. एका मोर्चात आपण असता, 'कायम करा' म्हणत. दुसऱ्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले कायम कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत चाललेले असतात. त्यांच्या पगारातून १० टक्के कापले जातात, शासन आपले १४ टक्के घालते आणि हमीच्या निवृत्तिवेतनाचा पर्याय न घेतल्यास म्हातारपणी हाती किती पडेल हे बाजारावर सोडलेले असते. मार्च २०२३ मध्ये याच कारणाने ते आठवडाभर संपावर होते. दोन्ही मोर्चे एकाच पोलीस बंदोबस्तात अडवले जातात आणि दोन्हींकडे निवेदन स्वीकारायला कोणीतरी येतो. तेव्हा कायम झाल्याने डिसेंबरातली नागपूरची वारी सुटेल, या भ्रमात राहू नये.

तरीही आदेश निघालाच, तर कागदपत्रांची जुळवाजुळव आतापासून करून ठेवा. जात वैधता प्रमाणपत्र, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचा आरोग्याचा दाखला लागेल. जिल्ह्यातल्या निम्म्या काचपट्ट्या ज्याने तपासल्या त्याचे स्वतःचे रक्त त्या दिवशी प्रथमच शासन तपासेल, ही भाग्याची बाब आहे. लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राची चिंता करू नका. कायम होण्याची वाट पाहण्यात लग्न लांबलेल्यांनी ती अट न मागताच पाळलेली असते.

रुजू होण्याच्या दिवशी आपण त्याच खोलीत, त्याच सूक्ष्मदर्शकापुढे, त्याच एका पायाने डुगडुगणाऱ्या स्टुलावर बसाल, फक्त नवखे म्हणून. सेवा त्या तारखेपासून मोजली जाईल, वेतनश्रेणीच्या पहिल्या पायरीपासून पगार सुरू होईल आणि काम जमते की नाही हे परिविक्षा कालावधीत पाहिले जाईल. चार वर्षांपूर्वी सरळसेवेने आलेला जो पोरगा काचपट्टीवर रक्ताचा थेंब जाड पसरवायचा आणि ज्याला पातळ थर कसा ओढायचा हे आपण हात धरून शिकवले, तो सेवाज्येष्ठता यादीत आपल्या वर असेल आणि आपल्या कामाचा अभिप्राय कदाचित त्यालाच विचारला जाईल. त्याला 'अरे' म्हणायची सवय आदेश हाती पडण्याआधीच मोडून ठेवावी.