चितचोरमधला सुनील, म्हणजे आपले विजयेंद्र घाटगे

आमच्या कोल्हापूर भागात अभिनेते विजयेंद्र घाटगेंचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आपल्या कागलच्या घराण्यातले!" आहेतच. याच कागलकर घाटग्यांच्या घरात १८७४ साली यशवंतराव जन्मले आणि १८८४ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू महाराज झाले. विजयेंद्र यांचं आजोळ इंदूरचं, तुकोजीराव होळकर (तिसरे) त्यांच्या आईचे वडील. लेक सागरिका 'चक दे'मध्ये हॉकी खेळली, 'प्रेमाची गोष्ट'मध्ये मराठीत दिसली. जावई झहीर खान. एवढं सांगून झालं की गप्पा संपतात. त्यांनी पडद्यावर काय केलं, हे कुणी विचारतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

१९७६चा 'चितचोर' आठवा. बासू चटर्जींचा सिनेमा, रवींद्र जैनांची गाणी. मधुपूरच्या हेडमास्तरांकडे त्यांच्या मुलीसाठी, गीतासाठी, मुंबईहून लग्नाचा इंजिनियर येणार असतो. घरचे स्टेशनवरून दुसऱ्यालाच, विनोदला, घेऊन येतात, आणि गीताचा जीव त्याच्यावर जडतो. खरा इंजिनियर सुनील नंतर उगवतो. मग गीताच्या आईचा सगळा पाहुणचार सुनीलकडे वळतो आणि विनोद एका दिवसात परका होतो.

आता सांगा, प्रेक्षकाने सुनीलचा राग करायला हवा की नको? कथेत तोच आडवा आलेला आहे. शिक्षण, हुद्दा, घरच्यांची पसंती, सगळं त्याच्या बाजूचं, शिवाय विनोद त्याच्याच हाताखाली ओव्हरसियर. एखाद्या नटाने इथे थोडा तोरा दाखवला असता, निदान एखादी भुवई तरी उडवली असती, की काम सोपं होतं. घाटगे तसलं काही करत नाहीत. त्यांचा सुनील सरळ, मोकळा, हसतमुख. या घरात आधी काय घडून गेलंय याची त्याला कल्पना नाही, आणि ते नसलेपण त्यांनी इतकं स्वच्छ ठेवलंय की आपल्याला विनोदइतकीच त्याचीही काळजी वाटू लागते. शेवटी खरं कळल्यावर तोच विनोदला थांबवतो. विनोद झालेले अमोल पालेकर आणि गीता झालेली झरीना वहाब यांचं कौतुक व्हायलाच हवं, पण सुनील असा नसता तर हा शेवट कुणालाच पटला नसता, असं माझं ठाम मत आहे.

पुढे १९८२ला राज कपूरच्या 'प्रेम रोग'मध्ये ते पद्मिनी कोल्हापुरेचे नवरे, कुंवर नरेंद्र प्रताप सिंग. लग्नानंतर लगेच मरणारं पात्र. दूरदर्शनच्या 'बुनियाद' मालिकेमुळे ते घराघरांत पोचले. आणि २००२चा भन्साळींचा 'देवदास'! पारोचा नवरा, जमीनदार भुवन चौधरी. आपलं मन अजून गेलेल्या बायकोपाशीच आहे, हे तो पारोला थेट सांगतो, तेही आवाज न चढवता. पुढे हाच माणूस मरणाऱ्या देवदासकडे धावणाऱ्या पारोसाठी हवेलीचे दरवाजे बंद करायला लावतो. 'चितचोर'मध्ये स्वतःहून बाजूला होणारा माणूस इथे वाट अडवतो. दोन्ही वेळा नायिका दुसऱ्याची, आणि दोन्ही वेळा घाटगे त्या न निवडलेल्या माणसाची मान खाली जाऊ देत नाहीत.

लोक म्हणतात, राजघराण्यातला माणूस, रुबाब रक्तातच असणार. मला हे पटत नाही. कुंवर किंवा जमीनदार म्हणून उभं राहणं त्यांना सोपं गेलं असेल, मान्य. पण सुनीलचा भाबडेपणा कुठल्या वाड्यातून आला? तो नटाचाच. राजघराण्याचं लेबल लावून आपण त्यांना मोठं करत नाही, त्यांची मेहनत पुसतो.

आमच्या भागातल्या फिल्म सोसायटीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. 'चितचोर' आणि 'देवदास' एकाच दिवशी, एकापाठोपाठ दाखवा. आणि नंतरच्या चर्चेत फक्त त्यांच्या अभिनयावर बोला.