आवडलेल्या फळाची बी लावली म्हणजे तेच फळ मिळते का?

परसबागेतल्या फळझाडांविषयी एक संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कलमे विकत घेणे हा निव्वळ भुर्दंड आहे, आवडलेल्या फळाची बी शेणखताने काठोकाठ भरलेल्या खड्ड्यात लावावी, तीन वर्षांत तसेच फळ हाती येते, आणि घरापुरते एक झाड पुरे होते.

आधी बीविषयी. बी परागीभवनातून तयार होते, त्यामुळे तिच्यात गुणांची नव्याने सरमिसळ झालेली असते. सफरचंदाच्या एकाच फळातल्या पाच बिया लावल्या तर पाच निरनिराळी झाडे उगवतात. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तोही संकरातून आलेला, म्हणून त्या कोयीचे झाड आंब्याचे खरे, पण हापूसचे नव्हे. निपजतो तो रायवळ. दाव्यात तथ्य मुळीच नाही असे मात्र नाही. लिंबूवर्गातल्या बऱ्याच झाडांच्या आणि आग्नेय आशियातल्या काही आंब्यांच्या एका बीतून अनेक रोपे फुटतात, आणि त्यांतली बहुतेक मातृवृक्षासारखीच निघतात. पपई तर बियांपासूनच लावतात, फक्त तिच्यात नर झाडे निघण्याची शक्यता धरून चालावे लागते.

तीन वर्षांचा हिशेबही फसवा आहे. कोयीच्या आंब्याला मोहर येण्यास साधारण सहा ते दहा वर्षे लागतात, कारण रोपाला आपली बाल्यावस्था पार करावी लागते. कलमावरची, म्हणजे खालच्या रोपावर जोडलेली, काडी मात्र फळत्या झाडाची असल्याने ते तीन-चार वर्षांत फळू लागते. अर्थात कलमाकडेही लक्ष हवे. बुंध्यावर जिथे जोडाची गाठ दिसते, तिच्याखालून येणारे फुटवे वेळच्या वेळी खुडले नाहीत, तर खुंट, म्हणजे ते खालचे रोप, वरचढ होतो, वरची काडी मरते आणि मालक वर्षानुवर्षे भलत्याच झाडाला पाणी घालत राहतो.

खड्डा निव्वळ शेणखताने भरणे तर सरळसरळ घातक आहे. खत कुजत जाते तसे खाली बसते, त्याबरोबर रोपही खचते, जोड मातीत गाडला जातो आणि बुंध्याशी पाणी साचून साल कुजते. खड्ड्यातून निघालेली मातीच थोडे कुजलेले खत मिसळून परत भरावी, जोड जमिनीच्या वर राहील असे पाहावे आणि उरलेले खत वरून, बुंध्यापासून वीतभर दूर पसरावे.

एक झाड पुरे होते हे म्हणणे पेरू, डाळिंब, लिंबू यांच्या बाबतीत बरोबर आहे. सफरचंद आणि नासपती यांच्या बहुतेक जातींना मात्र त्याच वेळी फुलणाऱ्या दुसऱ्या जातीचे पराग लागतात, आणि एकाच जातीची दोन कलमे शेजारी लावूनही ही अडचण सुटत नाही, कारण वंशाने ती दोन्ही एकच झाड असतात. जागा एकाच झाडापुरती असेल, तर त्याच्याच एका फांदीवर दुसऱ्या जातीची काडी बांधून घेता येते.