रॉयल जेलीतल्या ‘साखर-साखळ्या’ आणि मावशीचा दमा

पंचवटीतल्या मावशीने परवा फ्रीजमधून कौतुकाने एक बाटली काढून दाखवली. रॉयल जेली, म्हणजे मधमाश्या राणी होणाऱ्या अळीला भरवतात तो पदार्थ. मावशीच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘राणीमाशीच्या जेलीतल्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात. साखर बांधलेली असल्याने मधुमेहाला चालते. साखळ्या पेशींना तरुण करतात. दमा मुळापासून जातो.’ मावशीला पंधरा वर्षांचा दमा आहे, पंप पर्समध्ये असतो. नाहीतर असल्या मेसेजला मी उत्तर देत बसलो नसतो.

आधी दम्याचंच बोलू. ऑस्ट्रेलियात रॉयल जेलीवर इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे: हिच्यामुळे तीव्र ॲलर्जी, क्वचित मृत्यूही झाल्याच्या नोंदी आहेत, विशेषतः दमा आणि ॲलर्जी असणाऱ्यांमध्ये. आणि ॲलर्जी कशाची? मेसेज ज्यांचे गोडवे गातो त्याच मुख्य प्रथिनांची! ज्या माणसाने या बाटलीपासून चार हात लांब राहायचं, त्यालाच ती रोज सकाळी अनशापोटी घ्यायला सांगताय. मावशीच्या बाटलीवर इशाऱ्याचं अक्षर नाही, मुकुट घातलेली माशी तेवढी आहे.

साखळ्या असतात, हे मान्य. एमआरजेपी-१ या मुख्य प्रथिनावर त्या आहेत, बहुतेक मॅनोज नावाच्या साखरेच्या. मोठ्या साखळीत मॅनोजचे ९ मणी. पण म्हणून जेली बिनसाखरेची? तिच्यात सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोजच ढोबळ मानाने ७ ते १८ टक्के असतं. चमचाभराने कुणाची शुगर आभाळाला भिडणार नाही, पण कारण म्हणून जे सांगितलंय ते धादांत खोटं.

तारुण्याचं तर सोडाच, या प्रथिनाने राणी घडते हेसुद्धा टिकलेलं नाही. २०११ साली कामाकुरा या जपानी संशोधकाने ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात दावा केला की हेच प्रथिन साध्या अळीची राणीमाशी बनवतं. २०१६ साली त्याच ‘नेचर’मध्ये दुसऱ्यांनी तो खोडला: ते नसतानाही राण्या झाल्या. २०१८ साली कळलं की आम्लात या प्रथिनाचे धागे होतात, जेली घट्ट चिकट होते आणि पोळ्यातल्या खाली तोंड असलेल्या राणीच्या घरातून अळी पडत नाही. म्हणजे थोडक्यात खळ. अळीला ती लागते, मावशी काही छताला लटकलेली नाही.

बाटलीचे पैसे परत मिळत नाहीत म्हणे. मी मार्करने तिच्यावर ऑस्ट्रेलियाचा इशारा मराठीत लिहून ठेवलाय.