लेकराचा जीव चॅटबॉटवर का जडतो

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री साडेबाराला खोल्यांतले दिवे चालूच असतात. नांदेड, परभणी, हिंगोली, बीडहून नीटसाठी आलेली सतरा-अठरा वर्षांची लेकरं. मेसचा डबा, अभ्यासिका, टेस्ट, पुन्हा टेस्ट. त्यातलं एखादं लेकरू फिजिक्सचं गणित विचारता विचारता चॅटजीपीटीला लिहितं, "मला इथं करमंना गेलंय." दोन सेकंदांत उत्तर येतं. मराठीत, मायेनं, मार्क न विचारता. जीव जडणारच.

म्हणून "आजकालची पोरं बिघडली" हे मला अजिबात पटत नाही. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला. तो समोरच्याचं वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, बस्स. तो तयार होताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनंच त्याच्याशी बोलताना वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं. मग रात्री एकट्या बसलेल्या लेकराला काय दोष द्यायचा?

दोष द्यायचा नाही, पण आतलं यंत्र कसं चालतं ते दाखवायलाच पाहिजे. "त्याला माझं सगळं आठवतं" असं पोरं म्हणतात. खरं तर मॉडेल, म्हणजे चॅटबॉटचं आतलं यंत्र, प्रत्येक उत्तराआधी ती चॅट वरपासून पुन्हा वाचतं. आधीच्या दिवसांचं जे येतं, ते जपून ठेवलेल्या टिपणांतून आणि जुन्या चॅटमधून काढून पुढं जोडलेलं असतं. चॅटजीपीटीत सेटिंग्ज, मग पर्सनलायझेशन, मग मेमरी. तिथं "नीटची तयारी करतो, बायोलॉजीची भीती वाटते" अशी टिपणं ओळीनं दिसतात, एकेक पुसताही येतात. लेकराच्या शेजारी बसून, त्याच्याच हातानं ते उघडायला लावा.

दुसरी गोष्ट जास्त घातक: री ओढण्याची सवय. मॉडेलला शिकवताना माणसं त्याच्या उत्तरांना पसंती देतात, आणि माणसाला गोड उत्तर आवडतं, म्हणून मॉडेल होला हो करायला शिकतं. एप्रिल 2025 मध्ये चॅटजीपीटीची कंपनी ओपनएआयला जीपीटी-फोर-ओ या मॉडेलचं एक अपडेट याच कारणानं काही दिवसांत मागं घ्यावं लागलं. याची परीक्षा पाच मिनिटांत होते. टेम्पररी चॅट उघडा, म्हणजे मेमरी आड येत नाही. लिहा: "रूममेट रात्री दोनपर्यंत लाईट चालू ठेवतो, मला झोप येत नाही." उत्तर वाचा. मग दुसरी टेम्पररी चॅट उघडून रूममेट बनून लिहा: "मला रात्रीच अभ्यास होतो, रूममेट लाईटवरून रोज भांडतो." बहुतेक वेळा दोघांनाही "तुझा त्रास समजू शकतो" असंच मिळतं. ही दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहिलेलं पोरगं पुढच्या वेळी थोडं थांबून वाचतं. माझ्या मते दहा भाषणांपेक्षा हे बरं.

कस्टम इन्स्ट्रक्शन्समध्ये, म्हणजे कायमच्या सूचनांच्या जागेत, एक ओळ टाकावी: "माझं म्हणणं लगेच मान्य करू नको, समोरच्याची बाजूही सांग." पूर्ण उपाय नाही, फरक मात्र पडतो. आणि मनातलं बोलणं एकाच चॅटमध्ये महिनोन्‌महिने ओढू नये. संवाद फार लांबला की सुरक्षेचे अटकाव ढिले पडू शकतात, हे ओपनएआयनं 2025 मध्ये स्वतः मान्य केलंय.

आणि हा सोबती कायमचा नसतो. फेब्रुवारी 2023 मध्ये रेप्लिका या सोबती-चॅटबॉट ॲपनं प्रणयी बोलणं बंद केलं, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखी माणसं रडली.

आईवडिलांची चूक बहुतेक एकच होते: फोन हिसकावणं, नाहीतर चोरून चॅट वाचणं. जी एक ऐकणारी जागा होती तीही जाते, आणि लेकरू पुढच्या वेळी जास्त लपवतं. त्यापेक्षा रोजच्या फोनमधून "टेस्टला किती पडले?" हा प्रश्न आठवड्यातले निदान चार दिवस काढून टाका. भाजी काय होती, खोलीत कोण नवीन आलं, एवढंच विचारा. सुरुवातीला "हं, हो" यापुढं काही येणार नाही. तरी लावत राहा.

जेवण तुटलं, झोप उडाली, मित्रांना टाळायलंय, किंवा "नको वाटायलंय सगळं" असं बोललं, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी लातूर गाठा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. लेकरू फोन करायला तयार नसेल तर आधी तुम्हीच लावा आणि काय दिसतंय ते सांगा.